चौकशी

टिंग झालं तेव्हा मी जांभळ्या इरकलीला फॉल लावत होते.
सुई तशीच कापडात ठेवून चष्मा शोधला.
मेसेज इंग्रजी. आकडे मात्र कुठल्याही भाषेत आकडेच:
सातशे अठ्ठेचाळीसचे सातशे एकोणचाळीस.
शेजारी एक लाल बाण, खाली तोंड केलेला.

काय चुकलं माझं?
गेल्याच महिन्यात पिको मशीनचा शेवटचा हप्ता भरला,
वडगावातल्या आमच्या गल्लीत पाव किलो कुंदा
चिमटी-चिमटीनं पुरवून वाटला.
आणि हा बाण म्हणतोय, उतरलीस.

शहापूरच्या शाखेत होसमनी साहेब.
त्यांची मराठी धारवाडवरून फिरून येते:
"अक्का, कर्ज संपलं की जुनं खातं बंद होतंय बगा.
म्हणून नंबर जरा खाली. परत चढतंय."
म्हणजे देणं होतं तोवर मी ओळखीची,
फिटल्यावर थोडी अनोळखी.
मी हसले, तेही हसले.
नऊ अंकांचं काय एवढं,
शिंपीकामात सूतभर इकडे-तिकडे चालतंच.

मग दिवाळीच्या ब्लाउजांच्या ढिगात
दुसरं टिंग.
या वेळी अडुसष्ट.
आणि खाली आणखी एक ओळ, ती लेकीनं वाचून सांगितली:
तुमच्याबद्दल चौकशी झाली आहे.

हा शब्द मी एकदाच अंगावर घेतला होता,
एकोणिसाव्या वर्षी.
गडहिंग्लजहून दोन माणसं आली होती,
घरी नाही, आधी पिठाच्या गिरणीत,
मग नळावर, मग शाळेच्या शिपायाकडे.
मुलगी कशी आहे. कुणाशी बोलते.
ते स्थळ जमलं नाही.
पुढच्या स्थळानं विचारलं, आधीच्यांनी का सोडली?
होसमनी म्हणाले, इथंही तसंच अक्का,
लय जणांनी विचारलं की नंबर उतरतोय.
पण अडुसष्ट म्हणजे नुसतं विचारणं नव्हे.

अहवाल छापून घेतला, पानाला पाच रुपये.
तिसऱ्या पानावर शालन हुंदरे,
जन्मसाल माझंच, पत्ता अथणी.
शेवयांचं यंत्र हप्त्यावर घेतलेलं,
श्रावण आणि भाद्रपद, दोन हप्ते चुकलेले.
शिवाय नवीन कर्जासाठी कुणाच्या तरी दारात जाऊन आलेली.

ती बहुधा शालन नसेलच.
शालव्वा असेल.
कन्नडातून इंग्रजीत जाताना
तिच्या नावाचं शेपूट कुठल्या तरी टेबलावर गळालं
आणि ती माझ्या फायलीत येऊन बसली,
चुकीच्या एसटीत बसावं तशी, पिशवी मांडीवर घेऊन.

तक्रारीचा अर्ज होसमनींनी लिहिला.
हे कर्ज माझं नाही.
खाली मी मराठीत सही केली,
इतकी सावकाश, की "न"चा पाय कागदात रुतला.
तीस दिवस लागतील, म्हणाले.

तेव्हापासून रात्री ती आठवते,
जिला मी पाहिलेलं नाही.
शेवया उन्हातच वाळतात.
श्रावणात यंत्र फडक्याखाली बसून असतं
आणि हप्ता बारमाही.
तिला ठाऊकही नसेल,
तिचं टिंग वडगावात वाजलं.
तिचा डाग माझ्या पदरावर पडला म्हणून
तिचा नंबर कदाचित अजून सातशेच्या वर असेल,
कुणी तिला नवं कर्ज द्यायला तयारही असेल.

अडुसष्ट मला हवेत.
लेकीच्या फीसाठी पुढच्या जूनमध्ये
मलाही कुणाच्या तरी दारात उभं राहायचंय.
माझ्या पदरावरून धुतलेलं
अथणीत जाऊन सांडणार, हे कळूनसुद्धा
मी अर्ज मागे घेतला नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी फोन वाजला.
सुई थांबवली नाही.
काठाच्या शेवटापर्यंत तुरपत गेले,
दोरा दातानं तोडला,
मग चष्मा शोधू लागले.