पाकाचा थेंब

कपाटात तीन चाचण्या आहेत.
पहिली पुण्याहून आलेली, निळ्या पेटीतली,
अडीच तास घेते आणि शेवटी एक आकडा देते.
दुसरीसाठी सीपीआरला तारीख लावावी लागते.
तिथून दाखला येतो, परीक्षेत जादा वेळ मिळतो.
तो हवाच. फाईलला लावून ठेवलाय.

इंद्रजीत चौगले, सहावी ब.
आकडा त्याच्या वडिलांना वाचून दाखवला
वडणग्याच्या गुऱ्हाळावर,
कारण काहील सोडून ते शाळेत येणार नव्हते.
त्यांनी ऐकलं. मळी बाजूला सारली.
"बरं. मग बाई, उद्या त्येला शिकवायचं काय?"

मी फाईल चाळली.
तिच्यात उद्याबद्दल काही नव्हतं.

त्यांनी पाकाचा थेंब
लोट्यातल्या पाण्यात सोडला,
बोटांनी चाचपला. गोळी होईना.
जाळ वाढवा, म्हणाले. जरा वेळानं पुन्हा थेंब.
"सौद्याला दर ठरतोय, तवा गूळ झाल्याला असतोय.
तितं कळून काय उपेग?
काहील हितं उतरायची."

तिसरी चाचणी सगळ्यात खालच्या कप्प्यात:
एक परिच्छेद, एक मिनिट, पेन्सिल.
इतकी साधी, की मीच तिला कधी मोजलं नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी एकतीस शब्द.
'पाऊस', 'डोंगर', 'बैलगाडी' धावत.
'सूर्य'पाशी थांबला, रफार माशीसारखा झटकला,
'सूय' म्हणाला.
'प्रकाश'चा 'पकाश'.
म्हणजे वाचता येत नाही, असं नाही.
र येत नाही. तोही एकटा नव्हे,
कुणाच्या डोक्यावर नाहीतर पायाशी बसला की.

पुढचे तीन शुक्रवार
आलेखावर ठिपके आडवेच.
आधीची मी म्हणाली असती, त्याची कुवत.
परातीत गुऱ्हाळाची राख आणवली.
आधी कानानं: र कुठं ऐकू येतो?
मग बोटानं: गर्व, पर्व, सर्व.

पाचव्या शुक्रवारी चौतीस.
सहाव्या शुक्रवारी तेहतीस.
ठिपका तोच काढतो,
हळूच एक घर वर. मी खोडते.
"बाई, एकानं काय हुतंय?"
हुतंय की रे.

काल 'गुऱ्हाळ'वर अडला.
चांगलाच ओशाळला. "आमचाच शब्द हाय की ह्यो."
ऱ्ह मी अजून शिकवलाच नव्हता.
वहीत लिहिलं:
सोमवार, पहिला तास, ऱ्ह.