दोन वाव, वर वीतभर

लेन्स पुढे जाते, मागे येते,
पुन्हा पुढे. घरघरते,
अंधारात किल्ली चाचपणाऱ्या हातासारखी,
आणि चौकोन काही हिरवा होत नाही.

मुहर्रकचा धक्का. हवा इतकी दमट
की काच पुसावी तर रुमालच ओला.
दोरांच्या वेटोळ्यांपाशी सोलकर नाखवा.
एकतीस वर्षांनी उद्या हर्णैला परतायचंय,
म्हणून एक फोटो. बोटीसकट.

ठाऊक होतं ते सगळं करून पाहिलं:
अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं, मधलाच बिंदू धरला,
मोबाइलची बॅटरी मारली तर त्यांनी डोळेच मिटले.
म्हटलं, कॉलर जरा वर करा,
याला कड लागते, काळ्याला खेटून पांढरं.
हसले. सदरा धुऊन धुऊन
कड उरलीय कुठे?

मग म्हणाले,
"मी किती लांब आहे, एवढंच हवंय ना त्याला?"
आणि दोन्ही हात पसरले,
पाण्यात सोडायची दोरी मोजतात तसे,
एकदा, दोनदा, हवेतच.
"दोन वाव. वर वीतभर."

मी बटण सरकवलं,
लेन्सचं कडं हाताने फिरवलं,
चार मीटरच्या जरा अलीकडे,
श्वास धरला.

फोटोत दोर लख्ख आलाय, पीळ न् पीळ.
बोटीचं नाव अर्धंच.
चेहरा किंचित हललाय,
कारण नेमकी तेव्हाच पलीकडच्या बोटीवरून
कुणीतरी अरबीत हाक मारली
आणि ते मराठीत म्हणाले,
"आलो."