चाचणी क्रमांक सात

टिंबर मार्केटच्या मागचा बोळ,
हलीमाबी शिकलगारांची खोली.
काम पहिलं : किब्ल्याची दिशा शोधा.
आपण मदत करायची नाही, असं शिकवलेलं.
नुसतं बघायचं, सेकंद मोजायचे, लिहायचं.

त्यांनी पदराला बोटं पुसली,
फोन घेतला गरम ताटली घ्यावी तसा.
सुई आधी मोरीकडे गेली, मग टीव्हीकडे,
मग सरळ माझ्याकडेच.

खाली उर्दूत सूचना आली.
"हे काय म्हणतंय? मी तर
नगरपालिकेच्या शाळेत, मराठी चौथी."

बाणेरच्या काचेच्या खोलीत
सहा जणांनी ठरवलं होतं, भाषा आपोआप उर्दू.
माझं आडनाव अत्तार,
मलाही ती अडखळतच वाचता येते.
तेव्हा बोलले नव्हते.

नियम मोडून वाचून दाखवलं :
फोन लोखंडापासून लांब न्या.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली.
सासऱ्यांचं धारेचं चाक,
शिंप्यांच्या कात्र्या, कागदात गुंडाळलेले सुरे,
कसब्यातल्या कुणा गुरुजींचा अडकित्ता,
कपाट, पत्र्याचं छप्पर.
"लांब म्हणजे कुठं नेऊ गं?
घरच लोखंडावर चाललंय."

मग फोन पालथा ठेवला
आणि हात केला भिंतीकडे :
मावळती, जरा उजवीकडे कललेली,
कॅलेंडरच्या खिळ्याखाली.
"मालकांनी खडूनं रेघ मारून दिलेली.
रेघ कधीच गेली. पाय तिथंच पडतात."

चार सेकंद.
मी 'अपूर्ण' लिहिलं, खोडलं.
तिसरा रकाना नव्हता.

तेवढ्यात पालथ्या फोननं असरची अजान दिली.
त्या दचकल्या, मग पदराआड हसल्या.
"घाईत आहे बिचारा.
आमच्यात अजून तास आहे.
हा कोकणातला दिसतोय."
हे मात्र शब्दशः लिहून घेतलं.

निघताना मॉलचं दोनशेचं कूपन दिलं.
"हे इथं कुठं चालतं?"
मला माहीत नव्हतं.

रात्री कोंढव्यातल्या भाड्याच्या खोलीत
फोन चटईवर ठेवला, रोजच्यासारखा.
सुई डुलली, थांबली.
फोन उचलून दारापाशी नेला :
सुई हातभर सरकली.
परत आणला :
लोखंडी कॉटकडे.

पाच महिने झाले
या खोलीत राहायला येऊन.

खिडकी उघडली. समोर बिल्डिंग.
सूर्य कुठल्या बाजूला जातो इथं
हे कधी बघितलंच नव्हतं.