चार टाळ्यांचा शब्द

चिलीच्या दक्षिणेला, बेटावरच्या आमच्या शाळेत
अकरा मुलं, एक खोली, एक शेगडी,
आणि दर मार्चला बोटीतून येणारं पुस्तकांचं खोकं.
प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एक टिकली.
पिवळी म्हणजे सोपं, हिरवी जरा वर,
लाल म्हणजे अजून नाही.

टिकल्या कोण लावतं ठाऊक नाही.
राजधानीत बसून लावतात एवढं नक्की,
कारण पिवळ्या टिकलीच्या पहिल्याच पानावर
'सिग्नल लाल झाला. बस थांबली.'
पाच शब्द. सगळ्यांनी वाचले खडाखडा.
मग ब्राउलियोनं विचारलं,
"बाई, सिग्नलला राग कशाचा आला?"

आमच्याकडे रस्ता एक, त्यावर ट्रॅक्टर एक,
तोही मे महिन्यापासून बंद.

मी पाच बोटांची रीत शिकवते.
पान वाचायचं. शब्द अडला की एक बोट मिटायचं.
मूठ झाली तर पुस्तक परत फळीवर.
लाजायचं नाही, पुस्तक कुठे पळून जात नाही.

एदिता चिग्वाय. साडेसात वर्षं. पिवळी टिकली.
ऑगस्टमधल्या एका सोमवारी
तिनं दप्तरातून घडी घातलेला कागद काढला,
कडा ओलसर, मधोमध डिझेलचा डाग.
पाणबुड्यांना बंदरावर वाटतात ते सूचनापत्रक.
पहिल्याच ओळीत तिची मूठ झाली.
दुसरा हात पुढे केला. त्याचीही झाली.
मग माझ्याकडे बघून म्हणाली,
"बाई, तुमचा हात द्या."

तिचा बाप रोसामेल शिंपल्यांसाठी तळाशी उतरतो,
तोंडात हवेची नळी धरून.
शनिवारी घाईनं वर आला.
आता उजवा पाय त्याचं ऐकत नाही.
मोठ्या बेटावरच्या इस्पितळात
लोखंडी नळकांड्यात ठेवलंय म्हणे.
घरात कुणी धड काही सांगत नाही.
कागद सांगेल, असं तिला वाटतं.

हे लाल टिकलीचं आहे, पुढच्या वर्षी बघू,
असं मी म्हणणार होते.
अर्धं म्हटलंही.

रात्री ते पत्रक पुन्हा लिहायला बसले.
लांब वाक्यं फोडली,
ओलं लाकूड फोडतात तशी, गाठ चुकवून.
'विलंब' काढला, 'उशीर' घातला.
'आरोहण' गेलं, 'वर येणं' आलं.
एक शब्द मात्र हलेना.
त्याच्या जागी काहीही ठेवलं तरी खोटं व्हायचं.
आमच्या भाषेत तो चार टाळ्यांचा,
देस-कोम-प्रे-सिओन.
राहू दिला तसाच, पानाच्या मधोमध,
होडी बांधायच्या खुंटासारखा.

आणि शेवटी एक ओळ होती,
'कधी कधी पाय बरा होत नाही.'
सहा शब्द, सगळे पिवळ्या टिकलीचे.
जोडाक्षरसुद्धा नाही कुठे.
या ओळीला कुठली टिकली?
खोडली. पुन्हा लिहिली. पुन्हा खोडली.
अकराला जनरेटर बंद झाला,
तेव्हा ती लिहिलेली होती की खोडलेली
ते सकाळपर्यंत मलाही कळलं नाही.

लिहिलेली होती.

एदितानं बोट ठेवून वाचायला घेतलं.
खुंटापाशी चार टाळ्या वाजवल्या,
तिच्यामागून दहाही जणांनी,
ब्राउलियोनं एक जास्तीची.
मग ती ओळ आली.
मी तिच्या डाव्या हाताकडे बघत होते.
एकही बोट मिटलं नाही.

कागदाची घडी घालत ती म्हणाली,
"बाबांना वाचून दाखवते.
त्यांचीही पहिल्याच ओळीत मूठ होते."

ओहोटी दोनची होती, बोट त्याआधी सुटते.
मधल्या सुट्टीतच सोडलं तिला.
सिग्नलचं पुस्तक तिच्या बाकावर उघडंच राहिलं,
मी ते तसंच राहू दिलं.