अकरा धागे

गोळीबार चौकातून आत,
जिथं आता माग वाजत नाहीत,
तिथं हेडाऊंचं गॅरेज. शटर अर्धं खाली.
मे महिना, दुपारचे तीन.
बाहेर सेहेचाळीस, असं पेपरात होतं.
बोनेटखालचं पेपरात येत नाही.
ते मी मोजलं. एकाहत्तर.

गाडी पालिओ, एक पॉइंट सहा, दोन हजार दोनची,
लाल रंग उडून कातासारखा झालेला.
जरीपटक्याच्या हितेननं आणली,
सोबत खोक्यात एक चकचकीत शंकू, दिल्लीहून मागवलेला.
"काका, हा फिल्टर लावा, मग आवाज पाहा कसा येते."

"आवाज तं रिकाम्या डब्यालेही येते, बाप्पा.
गाडी श्वास कुठून घेऊन राहिली ते पाह्य.
घरी कुलर कुठं लावतं? खिडकीत का चुलीसमोर?"

हितेन खोक्याकडे बघत राहिला.
शंकू काउंटरखाली गेला. अजून तिथंच आहे.

एअर बॉक्स उघडला तर आत निंबाच्या काड्या,
वीस उन्हाळ्यांची माती,
आणि कुंभारमाशीचं घर, अर्धवट सोडलेलं.
ते मी फोडलं नाही, अख्खं काढून खिडकीत ठेवलं.
हेडाऊ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी बहिणीकडून व्हॅक्युम क्लीनर आणला,
लेव्हलच्या नळीत पाणी भरलं, पाण्यात निळीचे दोन थेंब,
आणि फळीवरून टिनाचा डबा काढला:
वडिलांच्या मागाच्या उरलेल्या कांड्या.
पिवळं रेशीम. दोन-दोन बोटांचे अकरा तुकडे,
एकेक टोक डिंकानं आत चिकटवलेलं,
तोंडापासून थेट पोर्टपर्यंत.

बटण दाबलं.
नऊ धागे एका कुशीवर झोपले.
वळणाच्या आतल्या अंगाचे दोन मात्र
गरगरले, आणि मागं वळून बघायला लागले.

"पाह्य पोट्टे, इथं अडखळते हवा.
दिसत नाही म्हणून तिले ठेच लागत नाही का?"

तीन दिवस एमरी पेपर.
मी आयटीआयमध्ये मायक्रोमीटर शिकले,
ते डोळे मिटून बोट फिरवायचे.
रेशमातली गाठ शोधायला शिकलेलं बोट,
सहाव्या वर्षी, कान पिळून घेऊन.
"लई आरसा नको करू, थोडी खर राहू दे,
पेट्रोलले पाय टेकाले जागा लागते."
तोंडाशी पत्र्याची धार होती.
तिथं लेथवरून लोट्यासारखा काठ वळवून आणला.
हवेला धार चालत नाही, काठ चालतो.
हे मी वहीत लिहिलं. ते म्हणाले, खोड, लिहाचं काय त्यात.
हेडलाइटमागून खाली बंपरपर्यंत नळी,
इंजिनाच्या बाजूनं अ‍ॅल्युमिनियमचा आडपडदा.

पहाटे पाचला वर्धा रोड.
खापरी मागं पडल्यावर हितेननं तिसरा टाकला.
माझ्या मांडीवर थर्मामीटर: चौतीस.
साडेचार हजारांनंतर ही गाडी धापा टाकायची.
आज सुई नुसती वर गेली,
आणि हितेन हसायचं विसरला.

"काका, किती वाढली?"
"असतीन चार-पाच घोडे. तेही म्हातारे."

परत येऊन मी बाक आवरला.
चाचणी संपल्यावर सोडवलेले धागे पेपरवर होते.
मोजले. परत मोजले.
हेडाऊंनी चष्मा लावला. "दहा."
कुलर तेवढा घरघरत होता.

"गेला असंल."
"वाल्वमधून?"
"रेशीम व्हय ते. जळते. केसावानी वास येते."
आणि ते दुसऱ्या गाडीचे नट सोडवायला बसले.

हितेनला सांगितलं नाही.
तो दर रविवारी येतो, काही काम नसताना,
गाडी चालू ठेवून आत चहा सांगायला जातो.
मी स्पॅनर पडल्यासारखं करून
सायलेन्सरशी वाकते.

मागच्या रविवारी मला उशीर झाला.
शटरखालून आत शिरले, तर
हेडाऊ आधीच तिथं होते, गुडघ्यावर,
डोळे मिटून.