एकास पन्नास

पत्रा पाव मिलिमीटरचा.
करवतीचं पातं घोड्याच्या केसाइतकं,
त्याला दात आहेत यावर नुसता विश्वास ठेवायचा.
मी ठेवते. चाळीस वर्षं दातांचंच केलं मी,
ब्रेमरहाफेनच्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या तोंडात
माझ्या हातच्या टोप्या अजून हेरिंग चावतायत.

पात्याला मेण लावायचं. दाबायचं नाही.
करवत आपल्या वजनानं उतरते,
आपण पितळ वळवायचं तिच्यासमोर,
रुसलेल्या पोराला वळवतात तसं, बेतानं.
घाई केली की टिंग.
आज सकाळपासून चार टिंग.

जहाजाचं नाव आन्ना ग्रीत. बेचाळीस मीटर लांब,
माझ्या टेबलावर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर.
फोक्को तिच्यावर इंजिनात होता, एकोणीस वर्षं.
ती भंगारात निघाली त्या आठवड्यात त्यानं
स्वयंपाकघरात नकाशे पसरले,
लोण्याच्या डब्यानं कोपरा दाबला
आणि म्हणाला, मी बांधतो तिला परत.
बोटं त्याची पान्यांसारखी.
मी काही बोलले नाही.
सांगाडा मात्र चांगला केला, खोटं कशाला बोलू.
मग गोल खिडक्यांच्या कड्यांपाशी आला,
सव्वीस कड्या, पितळेच्या,
आणि आजारी पडला.
इस्पितळात म्हणाला, झाल्यात सगळ्या. डबीत आहेत.

डबी रिकामी होती.
मीच आवरताना फेकल्या असणार, मीच,
असं अकरा वर्षं स्वतःला ऐकवलं,
आणि सव्वीसच्या सव्वीस पुन्हा केल्या.

आजचं काम साधं: जाळं ओढायच्या कप्पीचा आकडा.
अडीच मिलिमीटर उंच, पोटाशी जाड, टोकाशी निमुळता.
तार लाल केली, पाण्यात सोडली, नरम झाली.
दातांच्या कोरणीनं गळा काढला,
कानशीचे सहा हात, मोजून,
सातवा नेहमी पस्तावतो.
चिमट्यात धरला, खिडकीशी नेला,
धरलेला श्वास सोडला.
तेवढं पुरलं.

पितळ पडल्याचा आवाज येतो.
कुठे पडलं, ते तो सांगत नाही.

नातू म्हणतो, ओमा, यंत्राला सांग,
रात्रीत छापून देईल असे शंभर.
देईल की. तू विजेरी धर, येल्तो,
जमिनीला टेकवून, आडवी.
पावाच्या चुऱ्याला डोंगराची सावली पडते.
व्हॅक्यूमच्या नळीवर जुना नायलॉनचा मोजा ताणला,
कपाट ओढलं. वजन बघून ते कधी ओढलंच नव्हतं.

मोज्यात आलं: केस, एक मणी, पात्यांचे तुकडे,
आणि एक कडी.

भिंगाखाली घेतली.
कानशीच्या रेघा उलट्या तिरक्या, डावखुऱ्या हाताच्या.
दोन बाजूंना चपटी, एकीकडे खाच,
डाखाचा हा एवढा फोड, टाकणखार धुतलासुद्धा नाही.
भिरकावली असणार. रागानं. थेट कपाटामागे.
बाकीच्या पंचवीस? मोजा उलटा केला.
बाकीच्या नव्हत्याच कधी.

फोक्को, पितळ उघडं पडलं रे तुझं,
आणि तेही सहा मिलिमीटरचं.
म्हणजे, मोजलं तर पाच पूर्णांक आठ.
मी इतकी हसले की येल्तो घाबरला.

लावायची का ही, त्यानं विचारलं.
नाही. दोन दशांश कमी,
एकास पन्नासनं एक सेंटिमीटर होतो.
समुद्राला आत यायला एक सेंटिमीटर खूप झाला.
शिवाय सव्वीस भोकं, सव्वीस कड्या, सगळ्या बसल्यात.

भंगाराच्या डबीतही टाकली नाही.
ठेवली इथेच, चष्म्याच्या घराशेजारी,
घरंगळणार नाही, चपटी आहे.

आकडा अजून मिळालेला नाही.
विजेरी खाली घे, येल्तो.
अजून खाली.