खळं

कारियाकू बाजाराच्या मागच्या अंगाला
म्झे शोमारींचा चरक.
ऊस, आल्याचा तुकडा, सालीसकट लिंबू.
शाळेत होते तेव्हापासून पितेय.
त्या दिवशी मात्र रस उकळून घेतलेल्या बाटलीत भरला,
थंड डब्यात ठेवला.
त्यांनी विचारलं, "घरी कोण आजारी आहे, साल्हा?"
"कोणी नाही," म्हणाले.

प्रयोगशाळेत वीज दोनदा गेली.
तरी ते उगवले, दाट, ओलसर, चमकदार.
मग नव्या तबकडीवर त्यांना पसरून
औषधाच्या पाच टिकल्या ठेवल्या.
टिकलीभोवती रिकामं कडं पडायला हवं,
चंद्राला खळं पडतं तसं.
दोघींना पडलं.
तिघींना ते थेट येऊन खेटले,
ओळखीच्या घरात शिरावं तसे, चपला न काढता.
वहीत मी लिहिलं: सहा मिलिमीटर.
म्हणजे नुसत्या टिकलीचीच रुंदी.

संध्याकाळी गेले, काय बोलायचं ते घोकत.
बर्फ गोणपाटात. "कुठला?"
"मासळीबाजारातला. स्वस्त पडतो. धुऊन घेतो की."
धुवायची बादली तीच,
जिच्यात सकाळपासून पेले बुचकळत होते.

"माझ्या रसाला नाव ठेवू नकोस, पोरी.
रोज पहिला पेला मी पितो, गिऱ्हाइकांच्या देखत.
वीस वर्षं झाली."
"आणि पोट बिघडलं तर?"
खिशातून कागदाची पुडी निघाली.
लाल-पिवळ्या कॅप्सूल, सुट्या.
"दोन घेतो. थांबलं, की उरलेल्या पुढच्या वेळेला.
वाया कशाला घालवायच्या?"

किती सरळ माणूस.
आधी स्वतः पिऊन दाखवणारा,
औषधसुद्धा पुरवून पुरवून वापरणारा.
आणि त्याच काटकसरीत
वीस वर्षं, दोन-दोन कॅप्सूलनी,
कोणीतरी आत धडे गिरवत बसलेलं.

"निदान पाणी उकळा," मी म्हणाले.
"कोळशाचा भाव माहीत आहे?"
माहीत होता. मीही त्याच गल्लीत राहते.

त्यांनी पेला पुढे केला. "तुला बिनबर्फाचा."
मागे गणवेशातली एक मुलगी
पाचशेची नोट घामेजल्या मुठीत धरून
माझं कधी आटपतंय
ते बघत उभी होती.